आहेतकरी

तोताराम आबांची सून कामिनी शेतकऱ्यांच्या साइट मुद्दाम अडकवते, अशी चोपड्याच्या अलीकडच्या त्या गावात कुजबुज होती. कुजबुज आपली म्हणायची. गोष्ट धुरपदाबाईच्या तोंडून निघाली होती, आणि धुरपदाबाईचा सगळ्यात हळू आवाजसुद्धा पाण्याच्या टाकीपासून दूध डेअरीपर्यंत पोचतो. कारणंही तयार होती. कुणी म्हणे, आबांचं पाटाच्या पाण्यावरून निम्म्या गावाशी वाजलंय, त्याचा वचपा सून काढतेय. कुणी म्हणे, स्टँडवरच्या रतिलालनं तिला फितवलंय. आता रतिलालचं स्वतःचंच ऑनलाइनचं दुकान. कामिनीनं आपलं दुकान बुडवून त्याचं कशाला भरावं, हे कुणी विचारलं नाही. असलं काही विचारलं की बोलण्यातली मजाच जाते.

पुरावा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. कामिनीच्या दुकानात लाइटबिल भरलं जायचं. रेल्वेचं तिकीट निघायचं. पुण्यातल्या कॉलेजाचा निकाल क्षणात उघडायचा. पण एखादा माणूस सातबारा घेऊन आत आला आणि तिनं शेतकरी नोंदणीची साइट लावली, की पडदा जागच्या जागी थिजायचा. पान अर्धं उघडलेलं, मधे गोल फिरतोय, माउस हलवला तरी बाण ढिम्म. मग पाटी यायची की पान प्रतिसाद देत नाही, थांबायचं की बंद करायचं? माणसं आधी थांबायची. मग सातबाऱ्याची घडी घालून रतिलालकडे जायची.

कामिनी शिरपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. घरात, ओट्यावर, विहिरीवर अहिराणी. शाळेत पहिल्यांदा उभी राहून ती म्हणाली होती, "बाई, मन्ही वही घर शे." वर्ग हसला. बाईंनी तिला उभं ठेवून 'शे' सोडून 'आहे' म्हणायला लावलं, आणि तास संपेपर्यंत म्हणायला लावलं. त्या दिवसापासून पोरीनं 'आहे' असा पक्का धरला की पुढं टायपिंगच्या क्लासात मास्तर तिला विचारायचे, तू पुण्याची का गं? ती नाही म्हणायची नाही.

लग्न होऊन ती नवलच्या घरी आली. नवल केळीवाला गडी, अहिराणीवर भारी जीव. मोबाइलवर अहिराणीत गमतीचे व्हिडिओ करून टाकायचा. तो बायकोशी अहिराणीत बोलायचा, ती त्याला पुस्तकातल्या मराठीत उत्तर द्यायची. संसार दोन्ही भाषांत झकास चालला होता.

रस्त्याकडचा गाळा तिनं आबांकडून हट्टानं मागून घेतला. आबांना तिथं पिठाची चक्की टाकायची होती. चक्की दिसते, तिचा आवाज होतो, पीठ पडतं. कॉम्प्युटरात काय पडतं ते आबांना कळत नव्हतं. शेवटी ते कबूल झाले, पण अट घातली. दुकान चाललं तर कामिनीचं, नाही चाललं तर चक्की. त्या अटीवर पाटी लागली, 'कामिनी ऑनलाइन सेवा'. पाटीच्या पहिल्या दिवशी आबांनी चक्कीवाल्याला फोन करून सांगितलं, थोडं थांब. नको असं सांगितलं नाही.

दुकान चाललं की हो. बायका एकमेकींना सांगून यायला लागल्या, कारण कामिनी फॉर्म भरताना वसवस करायची नाही. सगळं सुरळीत होतं, तेवढ्यात विहिरीचा अर्ज परत आला.

गावातल्याच एकाचा अर्ज होता. कामिनीनं टाइप करून, छापून दिलेला. तालुक्याच्या ऑफिसात कारकुनानं तो चार माणसांत मोठ्यानं वाचला, 'माझी विहीर कोरडी शे', आणि म्हणाला, हे कोणत्या देशाचं मराठी? अर्जवाल्यानं गावात येऊन ते हुबेहूब करून दाखवलं. कामिनी कानापर्यंत लाल झाली. इतकी वर्षं दाबून ठेवलेला शब्द बोटांतून निसटला, असंच तिला वाटलं. मग ती प्रत्येक वाक्य दोनदा वाचायला लागली. दुकानात आईचा फोन आला तरी अहिराणीत बोलेना. पलीकडून आई विचारायची, कोण बोली ऱ्हायनं? बोटांवर भरवसा नको म्हणून तिनं कॉम्प्युटरमधेच एक बंदोबस्त करून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. लाजेच्या गोष्टी कोण सांगतं?

त्याच आठवड्यात साइट अडकायला लागल्या.

आधी तिनं इंटरनेटवर संशय घेतला. वायर काढून लावली, मोबाइलचं नेट जोडलं. तेच. मग ब्राउझरमधला जुना साठा पुसला, ब्राउझर नवा करून घेतला, कॉम्प्युटर बंद-चालू करून करून बटण गुळगुळीत केलं. लाइटबिल उघडायचं, शेतकरी अडकायचा. बाजार समितीचे भाव बघायला गेली, तेही अडकले. एखाद्या दिवशी बातम्यांचं पान लावलं तर तेही. पण बातम्या बघायला दुकानात कोण येतं? लोकांना दिसायचा तो शेतकरीच.

रतिलाल एकदा मुद्दाम चहाच्या वेळेला आला. माणूस तोंडाचा गोड. स्टुलावर बसून त्यानं तो थिजलेला पडदा नीट बघून घेतला. "वहिनी," तो म्हणाला, "तुमच्या कॉम्प्युटरला शेतकरी सोसत नाही. आमचा मातीतला आहे. इकडं पाठवत जा." कामिनीनं त्याला चहा दिला, आणि साखर विसरली. विसरली की नाही, ते तिचं तिला ठाऊक.

मग जळगावहून तौफिकला बोलावलं. तौफिक या कामात मुरलेला. त्यानं मशीन उघडली, धूळ उडवली, सगळं पुसून नव्यानं भरून दिलं आणि शेतकरी नोंदणीची साइट तिच्या डोळ्यांदेखत उघडून दाखवली. पान फुलासारखं उघडलं. "भाभी, धुऊनपुसून दिली," म्हणून तो गाडीला गेला. तो गेल्यावर कामिनीनं आपलं खातं त्यात घातलं, कारण साठवलेल्या साइट, पासवर्ड, सगळं त्या खात्याबरोबर परत येतं. आलंही. दुसऱ्या दिवशी पहिलाच सातबारा समोर आला आणि पडदा थिजला.

नवलनं धरणगावच्या मेहुण्याचा लॅपटॉप आणला. कंपनी वेगळी, गाव वेगळं, मालक वेगळा. कामिनीनं त्यात आपलं खातं उघडलं, साइट लावली. अडकली.

आता मात्र धुरपदाबाईला चघळायला विषय मिळाला. मशीन बदलली तरी तेच, म्हणजे मशीनचा काय दोष? डेअरीवर ती बायकांना म्हणाली, "खोट कॉम्प्युटरमा नही, बाईमाच शे." मुद्दाम अडकवते हे त्याच दिवशी गावात पक्कं झालं.

हे सगळं चाललं असताना ग्रामपंचायतीत शेतकरी नोंदणीच्या शिबिराचा विषय निघाला. अख्ख्या गावाची नोंदणी एकाच ठिकाणी व्हायची होती. सरपंचांचा मान ठेवायचा स्वभाव. ते आबांना म्हणाले, गावात दुकान असताना बाहेर कशाला जायचं, पण तुमच्या सुनेकडं ते चालत नाही असं कानावर आलंय. सोमवारी सकाळी तिच्याच दुकानात एक नोंदणी करून दाखवू दे. झाली तर शिबिर तिचं. नाही तर रतिलाल आपली मशीन घेऊन शाळेत बसेल. आबा घरी आले, हातपाय धुतले, आणि सुनेच्या देखत चक्कीवाल्याला फोन लावला. मंगळवारी येऊन गाळ्याचं माप घेऊन जा म्हणाले.

सोमवारी मंगळवारचाच निकाल लागायचा होता, हे कामिनीला चांगलं कळत होतं.

शनिवारी दुपारी धुरपदाबाई दुकानात आली. तिच्या नावावर नाल्याकडची थोडी जमीन आहे, तिची नोंदणी करायची म्हणाली. खरं तर ती बघायला आली होती. ऐकलेलं सांगण्यापेक्षा बघितलेलं सांगितलं की वजन येतं. तिच्या मागोमाग अजून दोघी-तिघी आल्या, त्यांना तर जमीनही नव्हती.

कामिनीनं साइट लावली. पान अर्धं उघडलं आणि थिजलं. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. कामिनी फिरत्या गोलाकडं बघत बसली.

आता धुरपदाबाईचं एक सांगायला हवं. ती वाचायला शिकली ती सुना घरात आल्यावर, प्रौढांच्या वर्गात. शिकली तेव्हापासून तिला दिसेल ते वाचायचा नाद. साबणाचं वेष्टन, एसटीची पाटी, दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका. पण वाचते ती बोट ठेवून, एकेक अक्षर फोडून. आपण मागचं 'तकरी' बघितलं की पुढचा 'शे' न बघताच धरून चालतो. तिला तसं जमत नाही. ती उठून पडद्याजवळ गेली, मथळ्याखाली बोट धरलं आणि सुरू झाली, आ, हे, त, क, री.

मग वळून म्हणाली, "कामिनी, आहेतकरी म्हनजे काय वं?"

बायका फिदीफिदी हसल्या. म्हातारीला वाचता येत नाही, असं त्यांना वाटलं. कामिनीही हसणार होती. तिनं मथळ्याकडं बघितलं आणि तिचं हसू ओठांवरच राहिलं. तिथं खरंच आहेतकरी होतं. 'आहेतकरी नोंदणी'.

तिनं मोबाइल काढला आणि तीच साइट मोबाइलवर उघडली. तिथं शेतकरी. पडद्यावर आहेतकरी. म्हणजे साइटवाल्यांचं काही चुकलं नव्हतं. शब्द बदलत होता तो इथं, या ब्राउझरमधे आल्यावर. आणि 'शे' काढून 'आहे' घालायचं काम या ब्राउझरला कुणी सांगितलं होतं, ते कामिनीइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

हाच तो बंदोबस्त. ब्राउझरला वरून जोडायची छोटी छोटी यंत्रं मिळतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. विहिरीचा अर्ज परत आला त्या दिवशी तिनं त्यातलं शब्द बदलायचं एक घेतलं होतं आणि त्याला सांगून ठेवलं होतं की जिथं 'शे' दिसेल तिथं 'आहे' कर. अर्ज ती ब्राउझरमधेच टाइप करायची; आपल्या बोटांतून पुन्हा कधी 'शे' निसटला तरी कागदावर उतरू नये, एवढंच तिच्या मनात. पण यंत्राला बोली आणि शेती यांतला फरक कुठं कळतो? शेतकरी, शेततळं, शेवगा, सगळ्यांच्या डोक्यावर 'शे' बसलेला. यंत्रानं सगळ्यांना आहे करायला घेतलं.

मागे बायका बसलेल्या. कामिनीच्या मनात आलं, कुणाला काही न कळता गुपचूप बंद करावं. पण धुरपदाबाई मानेवर श्वास सोडत होती. कामिनीनं वरचं कोड्याच्या तुकड्यासारखं बटण दाबलं, आपलं एक्स्टेन्शन बंद केलं आणि साइट पुन्हा लावली.

पान उघडलं. सरळ, झटकन, खालपर्यंत. ती श्वास सोडते न सोडते तोच धुरपदाबाईचं बोट परत पडद्यावर. ती वाचायला लागली, आणि या वेळी कुठंच अडखळली नाही.

"सर्व माहिती भरणे आवश्यक शे." बोट खाली सरकलं. "ही सेवा मोफत शे." अजून खाली. "मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला शे का?"

मागच्या बायका उठून पडद्यापाशी सरकल्या.

"माय वं," धुरपदाबाई म्हणाली, "सरकार आपली बोलीमा बोली ऱ्हायनं."

कामिनीनं ते कोड्याचं बटण पुन्हा दाबलं. यादीत तिच्या एक्स्टेन्शनच्या वर आणखी एक बसलं होतं. हे तिनं कधी घेतलं नव्हतं. उघडून बघितलं तर त्याला उलटा हुकूम दिलेला. जिथं 'आहे' दिसेल तिथं 'शे' कर. एकाला बजावलेलं शे चं आहे कर, दुसऱ्याला बजावलेलं आहे चं शे कर. दोघंही आज्ञाधारक. एकानं बदललं की दुसरा परत करायचा, परत केलं की पहिला पुन्हा बदलायचा, आणि त्या ओढाताणीत ब्राउझर बिचारा थिजून जायचा. लाइटबिलाची, रेल्वेची आणि कॉलेजाची साइट ती इंग्रजीत लावायची, तिथं ना शे ना आहे, म्हणून ती पानं सुखात होती. आणि दोन्ही यंत्रं तिच्या खात्याला चिकटलेली, म्हणून ती तौफिकच्या धुतल्यापुसल्या मशीनमधे परत आली, धरणगावच्या लॅपटॉपवरही गेली.

नवलला केळीच्या बागेतून बोलावणं गेलं. तो चिखलाच्या पायांनी दारात उभा राहिला. कामिनीनं पडद्याकडं बोट दाखवलं.

"सरकारला अहिराणी तुम्ही शिकवली?"

नवलनं वाचलं आणि गडी आधी खूशच झाला. "आठे बी चालस का?" म्हणाला, म्हणजे इथंही चालतं का. मग त्याचं लक्ष बायकोच्या चेहऱ्याकडं गेलं, आणि त्यानं चप्पल बाहेर काढून ठेवायच्या निमित्तानं मान खाली घातली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. दिवाळीत आबांनी त्याला विचारलं होतं, बातम्या आपली बोलीमा काबर नही? बापाची हौस म्हणून नवलनं कुठूनसं ते यंत्र शोधलं आणि बायको माहेरी गेलेली बघून तिच्या कॉम्प्युटरला लावलं. मशीनला हात लावायचा नाही, असं तिनं त्याला बजावलेलं होतं, म्हणून बोलला नाही. संध्याकाळी कामिनी स्वयंपाकाला लागली की बापलेक गाळ्यात बसून बातम्या वाचायचे. मंत्री म्हणतात परिस्थिती चांगली शे. जळगावात ऊन कडक शे. आबा मांडीवर हात मारून हसायचे. मधेच बातम्या अडकायला लागल्या, तर दोघंही मूग गिळून बसले. बोललं असतं तर मशीनला हात लावला हे कळलं असतं.

बायकांचं हसून हसून पोट दुखलं. कामिनी हसत नव्हती. दिवाळी, हा एकच शब्द तिच्या डोक्यात घोळत होता. विहिरीचा अर्ज तर दिवाळीनंतरचा.

"म्हणजे विहिरीच्या अर्जातला शे माझा नव्हता," ती म्हणाली.

नवलनं हळूच सांगितलं, "मना व्हता."

तिनं 'आहे'च टाइप केलं होतं. पडद्यावर त्याचा शे झाला, छापताना शेच छापला गेला, आणि वाचताना तिला खटकला नाही, कारण तो शब्द तिच्या डोळ्याला लहानपणापासून घरचाच. नवऱ्यानं घातलेला शब्द तिनं आपल्या जिभेची चूक समजून पोटात ठेवला होता. आईशी अहिराणीत बोलणं तोडलं होतं. आपल्याच बोटांवर पहारा बसवला होता.

ती खुर्चीत नीट बसली. नवलचंही यंत्र बंद केलं. सरकार परत आहे बोलायला लागलं. मग ती धुरपदाबाईकडं वळली, आणि त्या दुकानात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाशी पाटीवरची मराठी सोडून बोलली.

"अक्का, तुन्हा सातबारा दे. पयला नंबर तुन्हाच शे."

धुरपदाबाईनं पदराच्या गाठीतून घडी काढून दिली. नोंदणी झाली. पावती निघाली. ती तिनं तिथंच, बोट ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि कुठं चूक नाही याची खात्री करून मगच घडी घातली.

सोमवारी सरपंच आले, आबा आले, आणि रतिलालही लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून आला. म्हणाला, सहज आलोय. सरपंचांनी स्वतःचाच सातबारा पुढं केला. कामिनीनं साइट लावली, नाव घातलं, गट नंबर घातला. लोक दाराबाहेरून माना उंच करून बघत होते. गोल एकदा फिरला आणि पान पुढं गेलं. पुढच्या पानावरही गेलं. पावती बाहेर आली तशी ती सरपंचांनी गरम गरम हातात घेतली आणि आबांकडं दिली. आबांनी ती उलटीसुलटी बघितली, पोराच्या जावळाचा फोटो बघावा तशी.

रतिलाल बॅग घेऊन निघाला, तर धुरपदाबाईनं त्याला दारात गाठलं. "भाऊ, तुन्ही नोंदणी व्हयनी का?" तिनं विचारलं. त्याची जमीन याच गावात, आणि नोंदणी राहिलेली. तो ओशाळं हसून रांगेला लागला. कामिनीनं त्याला चहा पाठवला. या वेळी साखर होती.

शिबिर दुसऱ्याच दिवशी कामिनीच्या दुकानात झालं. रांग रस्त्यावर येऊन पिंपळाला वळसा घालून गेली. दुपारी चक्कीवाल्यानं फोन करून आज माप घ्यायला किती वाजता येऊ विचारलं, तर आबा त्याच्यावरच ओरडले, गाळ्यात उभं राहायला जागा नही, चक्की काय डोक्यावर ठेवू? तौफिकचा जळगावहून फोन आला, काय खोट होती म्हणून. कामिनीनं सगळं सांगितलं. तो इतका वेळ हसला की तिला वाटलं फोनही अडकला. मग त्यानं तिला ब्राउझरमधे आबांचं वेगळं खातं करायला सांगितलं, म्हणजे त्यांचं शे त्यांच्यापाशी राहील. तसं तिनं केलं. आता संध्याकाळी तिघंही बातम्या वाचतात, आणि वाचून दाखवते ती कामिनी, कारण नवलपेक्षा तिची अहिराणी चांगली आहे असं आबांचं मत पडलंय. नवलला ते मान्य नाही.

धुरपदाबाई हल्ली डेअरीवर सांगते की कॉम्प्युटरचा रोग तिनं बोट लावून काढला. हे तसं खोटं नाही. कामिनीही तिला कधी अडवत नाही.

राहिली ती कुजबुज. त्यातलं खरं असं की साइट कामिनीच अडकवत होती. अर्धं काम तिचं, अर्धं नवलचं. दोघांनाही ते माहीत नव्हतं.